हातभर नमुना

मंथननं पुण्याहून फोन करून आई-वडिलांना व्हिएतनामला पाठवायचं जाहीर केलं. पासपोर्ट वर्षभर कपाटात पडून होते. आता जायचं कसं, एवढंच ठरायचं होतं: टूरवाल्याबरोबर, की दोघांनी आपलं आपण. "गणपतीपर्यंत सांगा, आप्पा," म्हणून त्यानं फोन ठेवला.

आप्पांचं, म्हणजे तम्मण्णांचं, मत तयार होतं. टूरबरोबर गेलं की जेवायला भात मिळतो, झेंडा घेतलेला माणूस पुढं चालतो आणि चढता-उतरताना माणसं मोजतात. या मोजण्यावर त्यांचा फार भरवसा होता. बेळगावच्या शहापुरात चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस. मोजल्याशिवाय त्यांनी साडीची घडी कधी घातली नव्हती.

अंजनीचं मत वेगळं होतं, आणि ते तिनं एकदाच सांगितलं. "मला तिकडं जाऊन एका जाग्याला बसायचंय. किती येळ बसायचं ते मी ठरीवणार. चला, उठा म्हणणारं कोण नको."

हे तम्मण्णांना कारणच वाटलं नाही. बसायला शहापुरात काय कमी कट्टे आहेत? पण अंजनी लग्न होऊन आली ती मागाशेजारी सुताच्या कांड्या भरायला बसली. मागावरचं सूत संपत आलं की तम्मण्णा "कांडी" म्हणून हाक देत आणि ती उठे. दिवसातून किती वेळा, हे मात्र मोजायचं राहून गेलं होतं.

वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मागावर नवी साडी लावायची तर आधी हातभर नमुना विणायचा, उजेडात धरून बघायचा, मगच पुढं जायचं, ही त्यांची रीत. तेव्हा प्रवासाचेही दोन नमुने काढायचं ठरलं. पहिला आपलं आपण, दुसरा टूरबरोबर.

पहिल्यासाठी त्यांनी निपाणी निवडली. बेळगावात गल्लोगल्ली ओळखी; निपाणीत आपल्याला कुत्रं ओळखत नाही, अशी त्यांची समजूत होती. नमुना खरा उतरावा म्हणून एक नियमही केला. व्हिएतनामात मराठी चालत नाही, कन्नड चालत नाही, हिंदीचाही भरवसा नाही. तेव्हा निपाणीच्या स्टँडवर उतरल्यापासून तिन्ही बंद. काय सांगायचं ते हातानं.

भूक लागली म्हणून त्यांनी एका दुकानदाराला तोंडाकडं बोट करून दाखवलं. त्या भल्या माणसानं गल्ला सोडून दोघांना दातांच्या डॉक्टरकडं नेलं. तिथून कसेबसे सुटून बाहेर येतात तर समोर मष्णू उभा. अंजनीचा मावसभाऊ, महिन्यापूर्वीच निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला लागलेला.

"दाजी, हिकडं कुठं?" मष्णूनं विचारलं. तम्मण्णांनी हात हलवले. मष्णूनं कन्नडमधून विचारलं, मग हिंदीतून. नियम तो नियम. तम्मण्णांनी तिन्ही भाषांना एकच उत्तर दिलं. मष्णूनं आक्काकडं पाहिलं. हसू दाबायला आक्कानं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. मष्णूच्या डोळ्यांत पाणी आलं.

दोघं घरी पोचायच्या आत तम्मण्णांची वाचा गेल्याची बातमी शहापुरात पोचली होती. शेजारीपाजारी शहाळी, केळी आणि देवाचा अंगारा घेऊन दारात बसले होते. तम्मण्णा बोलले तेव्हा अंगारा लागू पडला म्हणून दोघीतिघींनी हात जोडले. केळी चार दिवस पुरली.

"नमुना फसला," तम्मण्णा म्हणाले.

"व्हिएतनामात मष्णू न्हाय," अंजनी म्हणाली.

"निपाणीतबी नव्हता."

व्हिएतनाममधलं आपलं बसणं हातचं चाललं, हे अंजनीला कळलं.

व्हिएतनामला नेणाऱ्याच टूरवाल्याची कणकुंबीला एका दिवसाची सहल निघत होती; दुसरा नमुना तोच. बत्तीस माणसं, आणि त्यांना हाकायला लाल झेंडा घेतलेला सौरव. देवळात दहा मिनिटं, नदीच्या उगमापाशी वीस, त्यातली पाच फोटोला. अंजनी कुठं टेकली की सौरवचं "चला, चला" सुरू व्हायचं. तम्मण्णा खूश होते. वळणांच्या रस्त्यानं मळमळतं म्हणून ते ड्रायव्हरशेजारी बसले होते. अंजनीची जागा मागं, खिडकीशी.

परत निघताना सौरवनं मोजलं. बत्तीस. तम्मण्णांनी समाधानानं मान डोलावली आणि बस सुटली.

वाटेत जांबोटीला मागून एक अनोळखी बाई काखोटीला गाठोडं मारून पुढं आली. "हितं थांबीव रं बाबा," ती ड्रायव्हरला म्हणाली. कणकुंबीला बस उभी दिसली, चढली, जागा रिकामी होती, बसली. एवढंच तिचं म्हणणं. ती उतरून गेली. तम्मण्णांनी मागं वळून पाहिलं. खिडकीशी कोणी नव्हतं.

"पण मोजणी बरोबर होती," सौरव म्हणाला. आणि ती होतीच.

अंजनीचा फोन तम्मण्णांच्याच पिशवीत होता. बस वळवली. आधी तम्मण्णांना भीती वाटली, मग लाज. छत्तीस वर्षं संसार केलेली बायको. ती आली की नाही हे बघायचं आपण परक्या माणसावर सोपवलं, आणि त्यानं बत्तीस म्हटल्यावर मान डोलावली. एकदा मागं वळून बघायला काय झालं होतं?

उगमाजवळच्या कुंडाच्या पायरीवर अंजनी बसली होती. चपला बाजूला काढलेल्या, पाय ऐसपैस पसरलेले.

"भ्यालीस काय गं?" तम्मण्णांनी विचारलं.

"पयल्यांदा जरा. मग म्हटलं, येतील की. तवर बसू." पायाची बोटं हलवत ती म्हणाली, "लई बरं वाटलं. कुणी हाक मारली न्हाय." मग सवयीनं तिनं उठायला हात टेकला. "चला, माणसं थांबल्यात."

"ऱ्हाऊ दे. बस," तम्मण्णा म्हणाले, आणि शेजारी बसले.

मागून झेंडा आला. "आप्पा, चला, चला. तीस माणसं खोळंबलीत."

"तीसच मोज," तम्मण्णा म्हणाले. "आमी दोघं त्यात न्हाय."

सौरवनं दोनदा विचारून घेतलं, एका कागदावर सही घेतली आणि तो गेला. बसचा आवाज झाडीत विरला.

"आता जायाचं कसं?" अंजनीनं विचारलं.

"सरकारी बस आसंल. विचारू कुणालातरी."

"तोंडानं का हातानं?"

"तोंडानं," तम्मण्णा म्हणाले. "आन् मंथनला सांगाय पायजे, टूर नको म्हणून." त्यांनी पिशवीतून तिचा फोन काढून तिच्या हातात दिला. "तूच सांग. पन बसूनच सांग. उठू नको."