पूल आलाय, या

"अहो, पूल आलाय. सांभाळून या," आई म्हणाली आणि तिनं छत्री जराशी डावीकडे कलती केली.

डावीकडे कुणीच नव्हतं. खाली कालव्याचं हिरवट पाणी होतं, वरून कीलुंग बंदराचा चिवट पाऊस लागला होता आणि छत्रीबाहेर राहिलेला आईचा उजवा खांदा भिजत होता. रुइपिन मागून दोघींच्या बॅगा ओढत येत होती. शेजारून गेलेल्या सायकलवाल्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. गेलेल्या माणसाला पाणी आपलं आपण ओलांडता येत नाही, घरच्या कुणीतरी हाक मारून न्यावं लागतं, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यातून हा सातवा महिना, भुतांचा.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. इशिगाकी बेटाला जाणाऱ्या जहाजाची तिकिटं आईनंच हट्टानं काढायला लावली. या महिन्यात लोक पाण्याला घाबरतात, स्वस्त पडेल, एवढंच तिचं म्हणणं. आज सकाळी तायचुंगच्या घरातून निघताना तिनं देव्हाऱ्यापुढे लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकून कौल घेतला. एक उताणी पडली, एक पालथी. बाबा यायला तयार होते. मग आगगाडीत प्रत्येक नदीवर आईचं "अहो, पूल आलाय" सुरू झालं. आधी रुइपिनला डब्यातल्या लोकांसमोर कानकोंडं झालं. पण पुढेपुढे नदी दिसली की तिच्याही ओठांवर तेच शब्द यायला लागले.

बाबा मूळचे कीलुंगचे. तरुणपणी इथल्याच गोदीत त्यांनी पाठीवर पोती वाहिली, जहाजांमागून जहाजं भरली आणि स्वतः कधी एकावरही चढले नाहीत. रुइपिनचा त्यांच्यावर फार जीव होता. लहानपणी शाळेबाहेर सायकल घेऊन उभे असायचे, खिशात तिच्यासाठी शेंगदाण्याची वडी. आई आता त्यांना समुद्रावर घेऊन चाललीय, या विचारानं तिला सकाळपासून भरून येत होतं.

जहाज सुटायला अवकाश होता. देवळाजवळच्या खाऊगल्लीत आई एका गाडीपाशी थांबली.

"तीन वाट्या."

पातेल्यात तांदळाच्या पापुद्र्यांचं सूप रटरटत होतं. गाडीवालीनं दोघींकडे पाहिलं, मग आईनं ओढून ठेवलेल्या रिकाम्या स्टुलाकडे.

"त्यांना कोथिंबीर चालते?"

"छे. वाटी भिरकावतील."

"आमचाही तसलाच होता," गाडीवाली डाव चालवत म्हणाली. "आता मी सुखानं मूठ मूठ कोथिंबीर खाते. आणि या बॅगा कसल्या? जहाजावर चाललात? या महिन्यात? धीट दिसता बाई."

आई नुसती हसली.

वाट्या आल्या. दोघींच्या वाट्यांतून वाफ निघत होती, मधल्या वाटीतून निघत नव्हती. एकाच पातेल्यातलं, एकाच डावानं वाढलेलं सूप. रुइपिननं वाटीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. वाटी गारठलेली होती. अंगावर काटा आला, आणि लगेच लहान मुलासारखा आनंदही झाला. बाबा खरंच आले होते. आईनं मात्र तिकडे पाहिलंही नाही. ती खाली मान घालून भराभर खात होती.

पाऊस ओसरला. दुकानादुकानापुढे भुतांसाठी टेबलं मांडली होती. वाफवलेली बदकं, भात, बिस्किटांचे पुडे, दारूचे पेले. आई प्रत्येक टेबलापाशी थांबत होती.

"बघा, सिगारेटसुद्धा पेटवून ठेवलीय. इथं कुणी कुणाला उपाशी ठेवत नाही. सगळे तुमचेच लोक आहेत." मग गोदीकडे हात करून, "त्या बघा घारी. अजून तशाच फिरताहेत. किती आठवण काढायचात."

इतकं गोड बोलताना रुइपिननं आईला बाबांच्या हयातीत कधी ऐकलं नव्हतं.

धक्क्यावर रांग लागली होती. जहाजाला पत्र्याचा लांब पूल जोडला होता आणि त्याच्या फटींतून खालचं काळं पाणी दिसत होतं. रुइपिन पुढे होती, आई तिच्या मागे. पुलाच्या तोंडाशी रुइपिन कान देऊन थांबली. आई काही बोलली नाही. तिनं वळून पाहिलं. आई ओठ घट्ट मिटून, स्वतःच्या पायांकडे बघत चालत होती. गर्दीत विसरली असेल, रुइपिनला वाटलं. दिवसभर इतक्या मायेनं आणलं आणि ऐन शेवटच्या पुलाशी विसरली.

"बाबा," ती पुटपुटली, "पूल आलाय. खाली पाणी आहे. या."

तो एवढा मोठा पूल तिच्या पायांखाली किंचित दबला, मागून कुणी जड माणूस चढावा तसा. रुइपिनला फार बरं वाटलं.

जहाजानं धक्का सोडला तेव्हा दोघी डेकवर उभ्या होत्या. मधलं पाणी हळूहळू रुंदावत गेलं. आईनं कठडा सोडला आणि मोठा श्वास घेतला.

"मी हाक मारली नाही," ती म्हणाली.

"काय?"

"शेवटच्या पुलाला. मुद्दाम नाही मारली. राहिला तो तिकडंच."

आईच्या तोंडून बाबांना 'तो' म्हटलेलं रुइपिन पहिल्यांदाच ऐकत होती.

"मेल्यापासून घरातच आहे. बाजारातून यायला जरा उशीर झाला की आतून कडी. जिवंतपणी लावायचा तशीच. मी जिन्यात बसून राहते, राग उतरेपर्यंत. मग आपोआप निघते."

"मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? तुझ्याशी चांगला होता तो. तू म्हणाली असतीस, आईला भ्रम झाला." आईनं डोळे पुसले, पण ती रडत नव्हती. "वाईट ठिकाणी नाही सोडला. खायला-प्यायला आहे, माणसं ओळखीची आहेत. आपण परतताना इथं यायचंच नाही, पार दक्षिणेच्या काओश्युंग बंदरात उतरायचं, म्हणून तर हेच जहाज घेतलं. घरी गेले की पहिल्यांदा ती कडी उपटून टाकणार आहे."

रुइपिननं मागे वळून डेककडे पाहिलं.

"तू तर काही म्हणाली नाहीस ना?" आईनं सहज विचारलं.

"नाही."

आई हसली. चांगली दात दिसतील अशी हसली. मग दमल्यासारखी मागच्या बाकाकडे वळली आणि त्याच्या डाव्या टोकाला बसायला लागली.

"तिथं नको," रुइपिनच्या तोंडून निघून गेलं. "ओलं आहे. इकडच्या बाजूला बस."

बाक छपराखाली होता, कोरडा ठणठणीत. आईनं बाकाकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. दुसऱ्या टोकाला जाऊन तिनं पर्स मांडीवर घेतली, पाय जवळ ओढले आणि लग्न झाल्यापासून बसत आली होती तशी अंग चोरून बसली.