पाचवं फडकं

"एका फडक्यासाठी तू गिऱ्हाइकाची गाडी अडवणार?"

"अडवणार काय? अडवलीये," ताई म्हणाली.

गाडीची किल्ली तिच्या मुठीत होती आणि मूठ पाठीमागे. समोर तिचा धाकटा भाऊ उभा होता. गॅरेजचा मालक तो. वय बेचाळीस, वजन नव्वदच्या वर, आणि ताई त्याला अजून छोट्या म्हणायची, तेही गिऱ्हाइकांसमोर. त्यामुळे त्याच्यामागे सगळं गॅरेजच त्याला छोट्या म्हणायचं. बोर्डावर त्याचं खरं नाव होतं, पण बोर्ड वाचतो कोण.

फाटकाजवळ करडी गाडी धुऊनपुसून तयार होती. तिच्या शेजारी दाताचे डॉक्टर. त्यांना बसायला खुर्ची दिली होती, पण त्यांनी आधी खुर्चीकडे बघितलं, मग स्वतःच्या पॅंटकडे, आणि ते उभेच राहिले. बायको आणि मुलगी घरी बॅगा भरून बसल्यात, अंधार पडायच्या आत घाट ओलांडायचाय, हे त्यांचं तीनदा सांगून झालं होतं. चौथ्यांदा सांगायला ते तोंड उघडत होते, पण मध्ये बोलायला जागाच मिळत नव्हती.

टबात निळ्या चौकड्यांची फडकी चार होती. पाच हवी होती. भांडण एवढंच होतं.

सकाळी ताई प्रत्येकाला पाच फडकी द्यायची. छोट्याची निळ्या चौकड्यांची, त्याच्याच जुन्या शर्टांची. त्याच्या हाताखालच्या मिस्त्रींची तपकिरी, कुठल्याशा पडद्याची. चारही कडा ती मशीनवर दुमडून शिवायची, म्हणजे सुटा धागा कुठे जाऊन अडकायला नको. गाडी फाटकाबाहेर जायच्या आधी सगळी फडकी परत तिच्या टबात, मोजून. मगच किल्ली.

हे काही हौसेनं सुरू झालं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी एका गाडीचा हवेचा पाइप साफ करायला काढला होता. पाइप काढला की इंजिनचं तोंड उघडं पडतं. त्यात एखादा नट पडू नये म्हणून फडकं कोंबतात. सगळेच कोंबतात. कोंबायला कोणी विसरत नाही, काढायला विसरतात. फडकं आत राहिलं, वरून पाइप बसला, गाडी गेली. हळू चालत होती तोवर काही कळलं नाही. चढ लागला, चालवणाऱ्यानं पाय दाबला आणि इंजिननं फडकं गिळलं. गाडी भर रस्त्यात जागच्या जागी मेली. मागून ट्रक येत होता. त्यानं वेळेत वळवलं म्हणून बरं. इंजिन गॅरेजला पदरचं घालून बदलून द्यावं लागलं. छोट्याची मोटरसायकल त्यात गेली. कोण विसरलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तेव्हा सगळ्यांची फडकी एकाच ढिगातली असायची.

नियम तेव्हा दोघांनी मिळून केला होता. आज छोट्याला त्यातलं काही आठवत नव्हतं.

आधी तो म्हणाला, वाऱ्यानं उडालं असेल. वारा नव्हता. मग म्हणाला, कुत्र्यानं नेलं असेल. कुत्रं दारातच झोपलं होतं, आपलं नाव निघाल्यावर त्यानं एक डोळा उघडून मिटला. मग छोट्या म्हणाला, सकाळी तूच चार दिली असशील.

हे मात्र त्यानं बोलायला नको होतं. मिस्त्रींनी लगेच भिंतीकडे तोंड केलं आणि पाने फळीवर लावायला घेतले. ते आधीच लावलेले होते.

"मी मोजायला चुकले?" ताईनं विचारलं.

"माणूस आहे. चुकतं."

"तुझे नापास झालेले विषय मी मोजायचे. तेव्हाही कधी चुकले नाही."

मिस्त्रींच्या हातून एक पाना पडला. तो उचलायला ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

डॉक्टरांना आता सापट मिळाली. त्यांनी खिशातून घडी घातलेला पांढरा रुमाल काढला आणि पुढे धरला. म्हणाले, कापडाचीच अडचण असेल तर हा घ्या, नवा आहे, पण मला जाऊ द्या. छोट्या हसला. गिऱ्हाइकानं विनोद केला की तो नेहमी हसतो.

ताई हसली नाही. "दात उपटल्यावर तुम्ही खड्ड्यात कापूस ठेवता ना, डॉक्टर?"

"ठेवतो की."

"आणि किती ठेवले ते न मोजता पेशंटला घरी धाडता?"

रुमाल परत खिशात गेला.

छोट्या पाय आपटत आत गेला. आतून खोकी सरकवल्याचे आवाज आले, मग काहीतरी पडलं, मग शांत. पाचेक मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात निळ्या चौकड्यांचं फडकं होतं. त्यानं ते सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"घे. बाकाखाली होतं. एवढा तमाशा केलास."

डॉक्टर गाडीकडे वळले. मिस्त्रींनी सुटल्यासारखा श्वास सोडला. ताईनं फडकं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. एक कोपरा नाकाजवळ नेला. मग तिनं ते टबात न टाकता घडी करून स्वतःच्या खिशात ठेवलं.

"मिस्त्री, बोनेट उघडा."

छोट्यानं तिला दंडाला धरून ऑइलच्या पिंपामागे नेलं. तिथे माणूस दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. पण हे त्याला अजून कळलेलं नाही.

"सापडलं ना? आता काय?"

"बाकाखाली वर्षभराचं ऑइल साचलंय," ताई हळू आवाजात म्हणाली. "याला साबणाचा वास येतोय. कडा शिवलेली नाही. हे तू आत्ता खोक्यातल्या शर्टातून फाडलंस."

छोट्यानं पिंपाच्या झाकणावर बोट घासलं.

"खोटं फडकं आणावं लागलं, म्हणजे तुलाच खात्री नाही. त्या गाडीत पोरगी बसणारे, छोट्या."

"मी त्यातलं फडकं काढलंय. मला पक्कं आठवतंय."

"मग उघडायला काय हरकत आहे?"

छोट्या आणखी जवळ सरकला. तो दबक्या आवाजात बोलत होता, पण शब्द दातांतून येत होते. म्हणाला, दाताचा डॉक्टर आहे, दिवसाला चाळीस माणसं त्याच्यासमोर तोंड उघडून बसतात. त्यांना तो काय सांगणार, की या गॅरेजवाल्यांना आपण काय केलं हेच आठवत नाही? आणि मग तो म्हणाला,

"उघड तू. पण आत काही नसलं तर उद्यापासून इथं यायचं नाही. टब नाही, किल्ल्या नाहीत, काही नाही. घरी बसायचं."

ताईनं शटरकडे बघितलं. वडील गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात या गॅरेजचं शटर तिनं उघडलं होतं, एकटीनं, दोन्ही हातांनी. छोट्या तेव्हा बारावीला दुसऱ्यांदा बसला होता. त्याला पहिला पाना कुठला धरायचा हेसुद्धा तिनंच दाखवलं होतं. यातलं काहीही ती आत्ता म्हणू शकली असती.

"चालेल," ती म्हणाली.

बोनेट उघडलं. मिस्त्रींनी फिल्टरचा डबा सोडवला, मग पाइपाची एक क्लिप, मग दुसरी. दुसरी घट्ट होती. छोट्यानंच आवळलेली. तिच्याशी झटापट करण्यात दहा मिनिटं गेली आणि डॉक्टरांनी तेवढ्या वेळात घड्याळ सहा वेळा बघितलं. पाइप निघाला. मिस्त्रींनी आत बॅटरीचा उजेड मारला. मग बाजूला झाले आणि बॅटरी ताईकडे दिली.

ताईनं बाही वर केली आणि हात घातला. बोटांनी कडेकडेनं सगळीकडे चाचपलं. वळणाच्या पलीकडे जातील तेवढी बोटं घातली. पाइपही उलटा करून झटकला, त्याला डोळा लावून आरपार बघितलं. पलीकडे डॉक्टरांचा बूट दिसला.

काही नव्हतं.

"स्वच्छ आहे, ताई," मिस्त्री म्हणाले. हे ते असं म्हणाले, जणू कुणी आजारी असल्याचं सांगतायत.

डॉक्टर म्हणाले, पाऊण तास. मग पुन्हा म्हणाले, पाऊण तास गेला माझा. त्यांना आता या बाईंकडून माफी हवी होती, आणि आत्ता, सगळ्यांसमोर. ते फाटकाच्या मधोमध जाऊन उभे राहिले, जणू फाटक आता त्यांचं होतं.

ताईनं हात पुसला. बाही खाली केली, बटण लावलं. मग मान वर करून छोट्याकडे बघितलं. जिंकल्यावर तो कसा हसतो ते तिला लहानपणापासून माहीत होतं. आधी नाकानं, मग पोटानं. ती ते ऐकायला तयार उभी होती.

तो हसला नाही.

तो इंजिनच्या उघड्या तोंडाकडे बघत होता. काळं, गोल भोक. बघता बघता त्याचा उजवा हात आपसूक वर आला, बोटं मिटली आणि हवेतच काहीतरी कोंबल्यासारखं पुढे गेली. मग हात तसाच थांबला.

तो भिंतीपाशी गेला आणि त्यानं फोन लावला. कानाला धरला, काढला. परत लावला.

"कुणाला लावतोयस?" ताईनं विचारलं.

तो तिसऱ्यांदा लावत होता.

"छोट्या."

"व्हॅनवाल्याला."

"कुठला व्हॅनवाला?"

मग ते तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. सकाळी ताई साबण आणायला गेली होती. तेवढ्यात शाळेची व्हॅन चालवणारा त्याचा मित्र आला. गाडी धाप टाकतेय म्हणाला. दहा मिनिटांचं काम. छोट्यानं स्वतःच फिल्टर झाडला, पाइप धुतला, बसवला. दोस्तीखात्यात. वहीत लिहिलं नाही, कुणाला सांगितलं नाही, फडकी मोजायला कुणी नव्हतं. ताई यायच्या आत व्हॅन गेलीसुद्धा. आणि दुपारपर्यंत तो ते साफ विसरला होता, आत्ता हे भोक बघेपर्यंत.

"काढलं नाहीस?"

"कोंबलेलं आठवतंय," छोट्या म्हणाला. त्याचा आवाज बेचाळीस वर्षांचा राहिला नव्हता. "काढलेलं नाही आठवत."

"व्हॅन आत्ता कुठंय?"

सकाळी गर्दीतून सावकाश नेली असणार, म्हणून पोचली. दिवसभर शाळेच्या दाराशी उभी असते. साडेपाचला शाळा सुटते. चौदा जणांच्या व्हॅनमध्ये वीस-बावीस पोरं बसतात. शाळेकडून निघालं की पहिल्या वळणाला उड्डाणपुलाचा चढ. तिथे सगळेच पाय दाबतात, न दाबून भागत नाही.

"फोन का उचलत नाही?"

"सकाळी व्हॅन घेतली की फोन पेटीत टाकतो, संध्याकाळी सगळी पोरं उतरेपर्यंत काढत नाही. तूच त्याला दम दिला होतास, चालवताना फोन घ्यायचा नाही म्हणून."

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून आठ मिनिटं झाली होती.

ताई म्हणू शकली असती की मी मोजायला चुकले नव्हते. मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत त्याचीच वाट पाहत होते. तिनं डॉक्टरांची किल्ली मिस्त्रींच्या हातात ठेवली. पाइप बसवून गाडी द्या म्हणाली, आणि शाळेच्या ऑफिसचा नंबर शोधून वाजवत राहा, कुणी उचललं की सांगा, व्हॅन दारातून हलवायची नाही, पोरं उतरवून घ्या. मग तिनं फळीवरून क्लिपा सोडवायचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, एक पकड घेतली आणि स्कूटर स्टॅंडवरून ढकलली.

छोट्या पुढे बसायला आला.

"मागे बस. आत्ता तुझं डोकं ठिकाणावर नाही."

तो मागे बसला. स्कूटर चार बोटं खाली गेली.

"ताई, मघाशी मी जे बोललो, ते घरी बसायचं वगैरे..."

"उद्या आठला फडकी घ्यायला ये. पाच मिनिटं उशीर झाला तर रिकाम्या हातानं काम करशील. धर नीट."

ती फाटकाशी पोचली तरी डॉक्टर मधोमधच होते. त्यांनी हात आडवा केला. कुणी कुठे निघालंय, का निघालंय, हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्यांचं एकच होतं. माफी मागितल्याशिवाय कुणी इथून हलायचं नाही.

ताईनं एक पाय जमिनीला टेकवला. इंजिन बंद केलं नाही.

"तुमचा पाऊण तास माझ्यामुळे गेला, त्याची माफी मागते. बोनेट उघडलं त्याची नाही मागणार. उद्या परत तीच वेळ आली तर परत उघडीन. आता सरका, मला निघायचंय."