वादिराज सरांचं मशीन

अदिती, तू फक्त ऐक. मध्ये काही बोलू नकोस, नाहीतर मी गडबडेन आणि अर्धंच सांगेन.

आमच्या टीममधले वादिराज सर तुला आठवतात ना, तंजावरचे मराठी? घरी मराठी बोलतात पण अशी की आपल्याला पहिले दोन दिवस कळत नाही. चोपन्न वर्षांचे. गेल्या महिन्यात प्रोजेक्टमधून माणसं कमी केली त्यात त्यांचं नाव आलं. पण इथेच शहरात, गिंडीला, पंप बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात त्यांना काम मिळत होतं, तिथले कॉम्प्युटर सांभाळायचं. फक्त एक अट. आमच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, म्हणजे रीतसर सोडल्याचं पत्र, शनिवारपर्यंत हातात पाहिजे. त्या पत्राला सही लागते आमच्या मॅनेजर विशालाक्षी मॅडमची. एवढं लक्षात ठेव.

आता बघ, त्यांचा शेवटचा दिवस सोमवारी झाला. मंगळवारी सकाळी मी सिरुसेरीच्या ऑफिसात पोचते तर प्रोग्राम तपासणाऱ्या आमच्या सगळ्या टेस्ट लाल, म्हणजे नापास. तीनशे बारा. आदल्या दिवशीपर्यंत हिरव्या होत्या, कोणी एक ओळ बदलली नव्हती. आमच्या टेस्ट कंटेनरमध्ये चालतात. म्हणजे दर वेळी एक कोरा करकरीत कॉम्प्युटर तयार होतो असं समज, त्यात लागेल ते सामान भरायचं, टेस्ट चालवायच्या आणि तो पुसून टाकायचा. आणि क्लायंटचा नियम असा की त्या कंटेनरला बाहेरचं इंटरनेट नाही. अजिबात नाही.

मॅडम म्हणाल्या, सावनी, तू शोध. मी शोधायला बसले. एरर म्हणतोय एक्सेल फाइल वाचणारी लायब्ररी, म्हणजे तयार मिळणारा कोड, सापडत नाही. मी सामानाच्या यादीत पाहिलं, यादीत आहे. काढून परत टाकली, तरी तेच. मग मला वाटलं व्हर्जनचा घोळ असेल, त्यात अख्खी दुपार गेली. बुधवारी लॉग नीट वरपासून वाचला तेव्हा दिसलं की लायब्ररी हरवलीच नाहीये, ती आणायला कंटेनर कुठेतरी जातोय, तिथून उत्तर येत नाही, दोन मिनिटं वाट बघून तो गप्प पुढे जातो. म्हणजे भांडण नेटवर्कचं. नेटवर्कवाल्यांना विचारलं तर ते म्हणतात आम्ही काहीच बंद केलेलं नाही. शेवटी मी कंटेनरच्या आत शिरून, तो जिथे जात होता तो पत्ता हाताने लावून बघितला. आमच्याच मजल्यावरच्या एका मशीनचा पत्ता. आयटीच्या प्राणेशला विचारलं, हे कोणाचं? तो म्हणाला, वादिराज सरांचं, सोमवारी परत घेतलं, फॉरमॅट पण झालं.

आणि हे मॅडमनी ऐकलं. त्या मागेच उभ्या होत्या. त्या काही वाईट नाहीत गं, पण पुढच्या सोमवारी क्लायंटला डेमो होता आणि त्यांची झोप उडालेली. त्यांनी हिशोब जुळवला की माणूस जाताना मुद्दाम दोर कापून गेला. पूर्ण काय ते कळेपर्यंत सरांच्या पत्रावर सही करणार नाही म्हणाल्या.

मग मी बघितलं, तो पत्ता टेस्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये टाकला कोणी. अदिती, माझं नाव. पाच महिन्यांपूर्वीचं, तारीखवेळेसकट.

मला तेव्हा आठवलं. मी नवीन होते, ती लायब्ररी पाहिजे होती, कंपनीच्या सिक्युरिटी टीमची परवानगी यायला सहा आठवडे लागतात म्हणाले. मी रडकुंडीला आलेले. वादिराज सर म्हणाले, माझ्या मशीनवर ठेवतो, परवानगी येईपर्यंत तिथून घे. मी घेतली. परवानगी आली पण, आणि मी पत्ता बदलायला विसरले. ते बिचारे पाच महिने मशीन बंद करत नव्हते. वर चिठ्ठी चिकटवलेली, बंद करू नका म्हणून.

तर सांगायचं ना लगेच? पण माझं प्रोबेशन शुक्रवारी संपत होतं. परवानगीशिवाय असं सामान आणलं म्हणून दुसऱ्या टीममधल्या एका मुलाला सरळ घरी पाठवलेलं. मी गप्प बसले. लायब्ररी कंटेनरच्या मूळ साच्यातच भरून टाकली, म्हणजे बाहेर जायची गरजच नाही. गुरुवारी दुपारी सगळं हिरवं. मॅडमनी कारण विचारलं. मी म्हटलं, जुन्या मशीनचा पत्ता राहिला होता. खोटं नाही ना ते? कोणी ठेवला ते मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

तेवढ्यात वादिराज सरांचा फोन. मी जिन्यात गेले. त्यांना प्राणेशकडून सगळं कळलं होतं. मी बोलायच्या आधीच ते म्हणाले,

“टेस्ट चालले की मा?”

मी म्हटलं, हो.

“तुझं कन्फर्म होऊंदे. मग सावकाश सांगूनशान टाक. गिंडीवाले थांबतील.”

मला माहीत होतं ते थांबणार नाहीत. त्यांनाही माहीत होतं. मी म्हटलं, बरं सर.

शुक्रवारी संध्याकाळी माझं मेल आलं. कन्फर्म्ड. शनिवार-रविवार ऑफिस बंद, मॅडमचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, तरी मी सोमवारची वाट बघितली. डेमो झाल्यावर सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. तिथेच पत्रावर सही केली आणि म्हणाल्या, गुरुवारी सांगितलं असतंस तर मी गुरुवारीच केली असती, तुला पण काही केलं नसतं.

मी पत्र घेऊन बसने तिरुवल्लिकेणीला सरांच्या घरी गेले. गिंडीच्या लोकांनी सकाळीच दुसऱ्याला ठेवून घेतलं होतं. सरांच्या बायकोला, कृष्णवेणी काकूंना, यातलं काहीच माहीत नव्हतं. नवऱ्याच्या ऑफिसातली मुलगी पत्र द्यायला इतक्या लांब आली म्हणून त्या मला जेवूनच जा म्हणत राहिल्या. सरांनी पत्र वाचलं, घडी घालून फाइलमध्ये ठेवलं. मग मला विचारलं काय, तर शेवटी दुरुस्त कसं केलंस. मी सांगितलं. ते म्हणाले, हां, असंच करायचं असतं, मीच आधी सांगायला पाहिजे होतं.

मी जेवले, अदिती. काकू वाढत होत्या आणि मी जेवले, सर समोर बसून पंख्याकडे बघत होते.

आता बोल. गुरुवारी जिन्यात तो फोन तुझ्या हातात असता, आणि ते स्वतःच थांब म्हणत असते, तर तू काय केलं असतंस?