गोडच राहिलेलं मक्सिम

पाणी शुद्ध करायचे दिवे बसवून जिरगलला काय मिळणार होतं, ते आधी मांडू. त्याला ट्राउट माशांचं दुसरं तळं हवं होतं आणि आडवी होती फक्त गावाची हरकत. त्याच्या तळ्यातलं पाणी आमच्या पाटात येतं. मासे आजारी पडले की तो खाद्यात औषध घाली. ते पाण्यात उतरे आणि उकळूनही जात नसे. तेव्हापासून घरोघरचं मक्सिम, आमचं आंबवलेलं पेय, बिघडलं. भाजल्या पिठाच्या पेजेला फेस येई, पण आंबटपणा येईना. विरजणं एकेक करून मेली.

उरलं कालिचा आपाचं. सासूच्या सासूपासून चालत आलेलं. वरच्या झऱ्याचं पाणी गाढवावरून आणून तिने ते जगवलं होतं. पण आता वारलेल्या नवऱ्याचं, मुकाशचं, वर्षाचं जेवण आलं होतं. अख्खं खोरं येणार, पिंपभर मक्सिम लागणार. गाढवावर पिंप बसत नाही.

जिरगल साखरेचा खोका घेऊन आला. सोबत दिवे बसवणारी शहरातली बुरुल.

"आपा, आता माझंच पाणी घ्या. जांभळे दिवे लावलेत. हा तपासणीचा कागद बघा, जंतू शून्य!"

"बाइके, शून्य यायचंच," बुरुल जिरगलला म्हणाली. "तुमचं औषधच जंतू मारतंय. दिवे न लावताही हा कागद मिळाला असता."

"मग दिवे काय लग्नासाठी लावलेस?" जिरगलने विचारलं.

"औषध मोडायला. जंतू चटकन मरतो, औषध मोडायला वेळ लागतो. पाणी दिव्यांसमोरून रेंगाळत गेलं पाहिजे. झडप अर्धी बंद ठेवा."

"ऐकलंस ना, बाळा?" आपा म्हणाली. "माझ्याकडे दुसरं विरजण नाही."

जिरगलने गावातल्या सर्वांत वृद्ध ओरोझबायसमोर शब्द दिला: जेवण उरकेपर्यंत झडप अर्धीच. ओरोझबायने आशीर्वाद पुटपुटून तोंडावरून तळवे फिरवले. त्यानंतर आमच्यात कोणी तपासायला जात नाही. ते अपमानासारखं होतं.

बुरुल कामासाठी शहरात गेली. त्या दुपारी ऊन तापलं. अर्ध्या झडपेमुळे पाणी संथ झालेलं, तळ्यात मासे खच्चून भरलेले. ते वर तोंड काढून हवा गिळू लागले. जिरगल काठावर उभा राहून बराच वेळ बघत होता, असं त्याचाच राखणदार सांगतो. मग त्याने झडप पूर्ण उघडली. दुसऱ्या सकाळी आपाने पाटाचं पाणी भरलं, पेज शिजवली, निवू दिली आणि मडक्यातलं सगळं विरजण पिंपात ओतलं. एवढ्या पिंपाला थोडक्यात भागणार नव्हतं.

जेवणाच्या दिवशी वाडगे फिरले. ओरोझबायने घोट तोंडात धरला, मग गिळला.

"मुकाशला गोड आवडायचं," तो म्हणाला.

मेलेल्याच्या अन्नाला नावं ठेवत नाहीत. सगळ्यांनी मान खाली घालून वाडगे रिकामे केले. जिरगलनेही. मग आपाने स्वतः चाखलं आणि वाडगा सावकाश खाली ठेवला.

"बाळा, झडप कधी उघडलीस?"

"आपा, मासे मरत होते."

"मरणारच. मग मला येऊन सांगायचंस."

"जेवण थांबलं असतं."

"कशाला थांबेल? मी चहा दिला असता."

मांसाच्या ताटावरून जिरगलचा हात तसाच मागे आला.

आता कोणी काय किंमत भरली ते बघू. जिरगलचे मासे जगले. तळ्याला परवानगीही मिळाली, कारण मुकाशच्या जेवणावरून भांडण नको, असं ओरोझबायनेच ठरवलं. म्हाताऱ्यांना एकेक वाडगा मुकाट गिळावा लागला. बुरुलने परवानगीच्या कचेरीत जाऊन झडपेचं खरं सांगितलं. दिवे बसवायचं तिचं काम गेलं. आपाचं विरजण त्या पिंपातच मेलं, म्हणून आम्ही हल्ली बाजारातल्या पुडीवर मक्सिम लावतो. आंबतं, पिववतं. कालिचा आपा ते पीत नाही. बाकीची सगळी किंमत तिनेच भरली.