हजेरीतलं पहिलं नाव

ज्या नावाने कधीकाळी कोसॅकांचे पुढारी मिरवले, ते स्टारशिना हे लष्करातलं पद सरकारने एका कागदाने मोडीत काढलं. सत्तावीस वर्षं स्टारशिना म्हणून कंपनीचे बूट, बिछाने आणि हजेरी बघणाऱ्या तिमिश हलागानने खांद्यावरच्या पट्ट्या स्वतःच उसवल्या. काही म्हणता काही वाटलं नाही त्याला.

"आता मुख्य सार्जंट बरं का, काका!" नवी यादी करणारा कारकून हसला. "आणि या वेर्बाचं काय करू?"

महायुद्धात पडलेल्या स्टारशिना वेर्बाचं नाव मान म्हणून कंपनीच्या यादीत कायमचं पहिलं होतं.

"मेलेल्याला कशाला छळतोस? राहू दे स्टारशिनाच."

संध्याकाळी तिमिशने हजेरी घेतली.

"स्टारशिना वेर्बा!"

"लढताना धारातीर्थी पडले!" रांगेच्या टोकाचा शिपाई रिवाजाप्रमाणे ओरडला.

"मुख्य सार्जंट हलागान!"

कोणीच ओ दिली नाही. कोण हा गैरहजर, म्हणून तिमिशने वैतागून मान वर केली. सगळे त्याच्याकडेच बघत होते.

ती शांतता टोकाच्या शिपायाला सोसेना. तोंडात बसलेलं तेच तो पुन्हा ओरडला, "लढताना धारातीर्थी पडले!"

कोणी हसलं नाही. तिमिशने आपल्या नावापुढे खूण केली आणि पुढचं नाव वाचलं.