सेत्तीमिओने मला दिलेली चकाकी

बसा मित्रांनो, माझ्यावरच बसा. मी एक जुनी ओकची फळी. आता कपडे बदलायच्या खोलीबाहेर बाक म्हणून पडून असते, पण माझं खरं आयुष्य मैदानातल्या मातीत, वाळूच्या खड्ड्यापुढे गेलं. तिहेरी उडी मारणारे धावत यायचे, माझ्यावर पाय आपटायचे आणि लंगडी, ढांग, उडी करत वाळूत पडायचे. मी मात्र तिथेच. फार थकले आहे मी.

आमचं गाव एड्रियाटिक समुद्राच्या काठावरचं, मासेमारीचं. होड्यांच्या कारखान्यात उरलेल्या लाकडातून सेत्तीमिओने मला कापलं. तो दिवसा होड्या रंगवायचा आणि संध्याकाळी पोरांना उड्या शिकवायचा. दर वसंतात मला पांढरा रंग द्यायचा तोही तोच.

मिरेला त्याची लाडकी. मासळी विकणाऱ्या बाईची ही काटकुळी पोर पहिल्यांदा आली तेव्हा माझ्यावर पाय टेकवायलाही भ्यायची.

"अगं, अंडी तुडवतेयस का? आपट की पाय! फळी काही रडत नाही," सेत्तीमिओ ओरडायचा.

रडले नाही, पण दुखायचं. तिच्या बुटांच्या खिळ्यांच्या खुणा अजून माझ्या अंगावर दिसतील. पुढे ती पोलिसांच्या क्रीडा संघात नोकरीला लागली, देशासाठी उड्या मारल्या, पेपरात फोटो आले. त्या फोटोंत मी कधीच नव्हते. फळीचा फोटो कोण काढतो? सुट्टीत घरी आली की ती माझ्यावरच सराव करायची, आणि दरवर्षी तिचा डावा पाय थोडा सांभाळून पडायचा. घोट्याचं दुखणं आईच्या आधी मला कळलं.

शेवटच्या वर्षी राष्ट्रीय संघात एकच जागा उरली होती आणि निवडीची स्पर्धा आमच्या मैदानावर ठरली. मिरेलाला ती जागा हवीच होती. एकदा मोठ्या स्पर्धेत उतरून, मग मानाने थांबायचं होतं तिला.

सेत्तीमिओ तर हवेतच होता. म्हणाला, "टीव्हीवाले येणार. आपली फळी नव्या होडीसारखी झळकली पाहिजे." होडीच्या बाहेरच्या अंगाला लावतात तो गुळगुळीत रंग त्याने मला दोनदा दिला. इतक्या मायेने माझ्यावरून कुणाचा हात फिरला नव्हता. मीही सुखावले, खोटं कशाला सांगू?

सकाळी समुद्रावरून दमट धुकं आलं. माझ्यावर पाण्याचा पातळ थर बसला.

"लांडग्याच्या तोंडात जा, पोरी," सेत्तीमिओ म्हणाला. आमच्याकडे शुभेच्छा अशाच देतात, सरळ दिल्या तर अपशकुन.

"मरो तो लांडगा," ती हसून म्हणाली आणि धावत आली.

तिचा पाय माझ्यावर पडला आणि सरकला. वाळूपर्यंत ती पोचलीच नाही. कोसळताना तिचा तळहात माझ्यावर टेकला, त्या गुळगुळीत रंगावरून फिरला आणि थांबला. तिला कळलं. सेत्तीमिओ धापा टाकत येत होता. तिने हात काढून घेतला.

"घोटा गेला, काका. जुनाच होता."

गाव म्हणालं, वय झालं होतं, हट्ट नडला. तिने कुणापुढे ब्र काढला नाही. पोलिसांनी तिला पासपोर्ट कचेरीच्या खिडकीत बसवलं.

पुढच्या वसंतात ती काठी टेकत मैदानावर आली. सेत्तीमिओ रंगाचा डबा उघडत होता. तिने खड्ड्यातली मूठभर वाळू घेतली आणि डब्यात टाकली.

"अगं, वाळू कशाला?"

"आता लहान पोरं उड्या मारणार. पाय घसरायला नको."

"हां, ते बरोबर. होडीच्या डेकच्या रंगात आम्ही टाकतोच की. नाहीतर ओल्यात माणूस सरळ..."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या काठीकडे.

"मिरेला," तो म्हणाला.

तिने यावेळी घोट्याचं नाव घेतलं नाही. "ढवळा, काका. वाळू तळाशी बसेल."

तो ढवळत राहिला. कितीतरी वेळ. शेवटी ब्रश तिने घेतला आणि मला रंगवलं. पुढे तो रोज यायचा, मैदानाच्या कडेला बसायचा, पण रंगाच्या डब्याला त्याने पुन्हा हात लावला नाही.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, जरूर राखा. पण ज्यावर कुणाचं पाऊल पडणार आहे, तिला सजवण्याआधी एकदा स्वतः तिच्यावर उभे राहून पाहा. सेत्तीमिओचं माझ्यावर आणि तिच्यावर सारखंच प्रेम होतं. तो फक्त उभा राहिला नाही.