उरलेला शब्द

मधोमध तुटली होती ती कवळी, पुढच्या दोन दातांच्या बरोबर मधून — टाळूच्या गुलाबी भागाच्या दोन फाका झालेल्या, आणि दातांच्या मागच्या अंगाला चहाचा जुना तपकिरी डाग, घासूनही न गेलेला, कारण घासणारा माणूस पुढून घासतो, मागून कोण बघतंय… ती दोन्ही तुकडे खिडकीच्या उजेडात धरून एकमेकांना लावून पाहत होती. लागत होते. कडा स्वच्छ तुटलेल्या होत्या, फार वेळाचं काम नव्हतं.

कवळी चर्चच्या पाळकांची होती. सकाळी धुताना बेसिनमध्ये पडली, आणि उद्या रविवार, उद्या उपदेश करायचा, म्हणून ते स्वतःच दवाखान्याच्या मागच्या दाराने तिच्या खोलीत आले होते — दंतवैद्य पुढे बसतो, मागे ही तिची एवढीशी खोली, सगळीकडे प्लास्टरची धूळ आणि मेणाचा वास, लग्नाआधीपासून ती इथेच बसून लोकांचे दात करत आलेली. पाळक कोपऱ्यातल्या स्टुलावर तोंडावर रुमाल धरून बसले होते. व्यासपीठावर एवढा भारदस्त दिसणारा माणूस, पण बिनदातांचा कोणाच्याही आजोबांसारखा दिसत होता, गाल आत गेलेले, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली. तिला हसू आलं. हसू आलं याचंच नवल वाटलं.

"बाई, उद्याची शाक्ष…" रुमालाआडून ते म्हणाले. "लक्षात आहे ना?"

"आहे."

साक्ष. उपासनेत उभं राहून मंडळीला सांगायचं, प्रभूने माझ्या आयुष्यात काय केलं. कोर्टातही साक्षच म्हणतात, पण तिथे निदान उलटतपासणी तरी घेतात… तिने मेणाची कांडी ज्योतीवर धरली.

"लोकांना बळ मिळतं हो तुमच्याकडे बघून. एवढं शंकट आलं, आणि त्यातून… वाढ. विश्वाशात वाढ."

वाढ — ती वितळलेलं मेण फटीवरून फिरवत राहिली — काय वाढलं? घरी ह्यांची दाढी वाढते, ती मी करते एक दिवसाआड. नखं वाढतात. उशाशी बाटल्या वाढल्या, धुणं वाढलं, माझी पाठ दुखायची ती आता खांद्यापर्यंत वाढत आली. थंडीत ह्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, वाचा हळूहळू परत येईल, धीर धरा. धरला. आणि आली, खरंच आली, पण एकाच शब्दापुरती आली, आणि तिथेच थांबली… आमेन.

तिचा नवरा म्हणजे लिलाव पुकारणारा माणूस. जुनी कपाटं, घड्याळं, कुणाच्या तरी मेलेल्या मावशीचा पियानो — काहीही समोर ठेवा, हा उभा राहून असा बोलत सुटायचा की रिकाम्या खिशाचा माणूससुद्धा हात वर करून बसे, आणि मग घरी जाऊन बायकोच्या शिव्या खाई. घरीही तोंडाचा पट्टा चालूच. "जरा श्वास घ्या की," ती म्हणायची, आणि तो म्हणायचा, "श्वास एक वार, श्वास दोन वार…" रविवारी गायनमंडळात खर्जात गायचा, आणि शेवटचं आमेन असं लावायचा की तिच्या पायाखालची फळी थरथरे. ती डोळे मिटून त्या थरथरीची वाट बघायची, प्रार्थनेपेक्षा जास्त. आता सगळं सामान उचलून नेल्यावर गोदामात एखादी खुर्ची राहावी तसं तेवढं राहिलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं, सवयीचे शब्द मागे राहतात, काहींच्या नुसत्या शिव्या राहतात. शिवी राहिली असती तर बरं झालं असतं, असं तिला किती वेळा वाटलं. शिवी ऐकून निदान कोणी डोळे पुसत बसलं नसतं.

कारण मंडळीतल्या बायका येतात आणि पुसतात. बघा गं, प्रभूने ठेवून ठेवून कोणता शब्द ठेवला! त्यांना काय ठाऊक… पाणी हवंय, आमेन. अंथरूण ओलं झालं, आमेन. ह्या बायकांना घालव आधी, आमेन. चमचा एवढा आत का खुपसतेस, सांडलंस ना गळ्यावर, बावळट कुठली — आमेन, आमेन! तिला आता सगळे ओळखू येत होते, स्वयंपाकघरातून नुसता सूर ऐकून ती टॉवेल घ्यायचा की पेला ते ठरवायची.

एक मात्र तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. रोज तिन्हीसांजेला ती पलंगाशी बसून मोठ्याने प्रार्थना करते, आणि प्रार्थना संपली की ते आमेन म्हणत नाहीत. दिवसभर दाराला आमेन, डासाला आमेन, आणि तो शब्द ज्याच्यासाठी केलाय तिथेच दातखीळ. ओठ आवळून भिंतीकडे बघतात. सुरुवातीला ती थांबायची. मग दोघांच्या वतीने आपणच म्हणून उठायला लागली. पहिले काही महिने तिने देवापुढे दातांच्या कण्या केल्या होत्या, आता नुसती सवय उरली होती, ताटं धुतात तशी. आणि ते त्यांना कळतं, असं तिला वाटे. मुका झालेला माणूस मला ढोंगी म्हणतोय, आणि मला त्याच्याशी भांडताही येत नाही.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, आणि आपण बोललो याने तीच दचकली, "माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीये."

तुकडे हलू नयेत म्हणून तिने जोडलेल्या कवळीत आतून प्लास्टर ओतलं. प्लास्टर घट्ट व्हायची दोघंही वाट पाहत होती. मग त्यांनी रुमाल खाली घेतला, आणि ते उघडं, सुरकुतलेलं तोंड हललं.

"माझ्याकडेही नशतं बाई. पुश्कळदा नशतं."

एवढंच म्हणाले. तिने मान वर केली नाही. कुणाचं तरी अंग उघडं दिसावं तसं झालं, आणि गंमत म्हणजे तिला तिथेच थोडं बसावंसं वाटलं, त्या बोलण्याच्या शेजारी. पण प्लास्टर घट्ट झालं होतं. फटीत गुलाबी भरण घालून, कानशीने घासून, चकाकी आणून तिने कवळी धुतली आणि त्यांच्या हातात दिली. वरचा डावा दात तिने पूर्वीच, कवळी केली तेव्हाच, जरासा तिरपा बसवलेला होता. अगदी सरळ ओळ लगेच खोटी दिसते.

"चावून बघा. टोचतंय?"

"नाही. उत्तम!" ते उभे राहिले, गाल भरले, खांदे आले. "प्रभू उद्या तुमचा उपयोग करणार आहे, बाई. निःसंशय!" सगळे स जागच्या जागी. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे म्हणतात — आणि ते करून देणारी मी, असं मनात येऊन तिने ज्योत विझवली.

घरी नणंद पर्स घेऊन दारातच उभी होती. दुपारभर ती भावाजवळ बसते, आणि वहिनी आली की थांबत नाही.

"आज नीट जेवला नाही गं. सारखं आमेन आमेन."

"कसलं आमेन, ताई?"

"कसलं म्हणजे? आमेन म्हणजे आमेन. आणि उद्या तो निळा ड्रेस घाल, खुलतो तुला. सगळ्यांचं लक्ष असणारे."

दार लागलं. तिने त्यांना कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली, उशी बदलली. बाहेरचा उजेड कमी होत चालला होता. दिवा लावायला हवा होता, लावला नाही. ती पलंगाशी बसली आणि उद्याची साक्ष बोलून पाहू लागली, पाठांतर असावं म्हणून, मोठ्याने.

"प्रिय बंधुभगिनींनो, या संकटातून प्रभूने मला पुष्कळ शिकवलं. माझा विश्वास वाढला. मी एकटी आहे असं मला एकदाही…"

ते भिंतीकडे बघत होते. ओठ आवळलेले.

"…एकदाही वाटलं नाही. त्याची कृपा मला…" आणि पुढचा शब्द येईना. ह्यांनाच नाही येत शब्द असं नाही, तिला वाटलं, मलाही येत नाहीत, कधीपासून येत नाहीत, मी नुसती सरळ ओळ लावत बसले आहे. "नाही," ती म्हणाली. कोणाला म्हणाली कळेना, मंडळी तर समोर नव्हती. "नाही. मला काही शिकायचं नव्हतं. मी काय मागितलं होतं तुझ्याकडे वाढायला? मी थकले. तू आहेस की नाहीस तेही मला कळत नाही, मी भिंतीशी बोलते, हेही भिंतीकडे बघतात. हे असं ठेवायचं होतं तर का ठेवलंस? घेऊन जा ह्यांना. ऐकतोयस? मला आधी नेऊ नकोस, मग ह्यांचं कोण करणार… ह्यांना ने. सुटू दे ह्यांना. मलाही सुटू दे."

बोलून झालं. आपण काय बोललो ते हळूहळू तिच्या अंगात उतरत गेलं, आणि लाज वाटायच्या आत —

"आमेन."

पाण्याचं नव्हतं ते. पाठीचं नव्हतं, रागाचं नव्हतं. तिला येत होते त्यातलं कुठलंच नव्हतं. खालून, खर्जातून आलं होतं. त्यांनी मान वळवली होती आणि ते तिच्याकडे बघत होते.

ह्यांनाही हेच हवं होतं, इतके दिवस हेच… आणि मी रोज इथे बसून दुसरंच मागत होते. पण त्याहून वेगळी एक भीती वाटली, जिची तिला सवय राहिली नव्हती. कोणी तरी ऐकलं असेल अशी भीती. इतक्या महिन्यांत एकदाही वाटली नव्हती ती, एवढं सगळं गोडगोड मागताना — ऐकलं असलं तर? दोघांनी मिळून मागितलं, आणि ऐकलं असलं तर?

"आज नको," ती घाईघाईने म्हणाली. तिने त्यांचा हात धरला, चांगला नव्हे तो, लुळा. "देवा, आज नको हं… एवढ्यात नको. उद्या ह्यांची दाढी करायची आहे."

आणि अंधारात ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, याला ते काय म्हणतात म्हणून.